पुसदचे सफरचंद आणि पाचव्या वर्षाचा हिशेब

१/
महाराष्ट्राच्या उन्हात सफरचंद पिकले आणि 'इतिहास घडला', अशा धाटणीच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार झळकतात. कधी सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यातून, कधी नाशिक जिल्ह्यातील सटाण्याकडून. फळांनी लगडलेली फांदी, शेजारी उभा शेतकरी आणि खाली अभिनंदनाचा पाऊस. अशा वेळी पुसदच्या एखाद्या तरुण शेतकऱ्याने 'तिथे होते, तर आमच्या शिवारात का नाही?' असे विचारणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाला इतिहासाने कोणते उत्तर द्यावे, हा या थ्रेडचा विषय.

२/
आधी मथळ्यातला 'इतिहास' तपासू. उष्ण प्रदेशातील सफरचंद ही आजची नवलाई नाही. जावा बेटावर, बंगळूरच्या परिसरात, इस्रायलमध्ये आणि बहामा बेटांवर ते गेल्या शतकातच पिकले आहे. त्यामुळे 'प्रथमच' हा शब्द खोटा ठरतो. पण 'सफरचंद म्हणजे काश्मीर, इथे ते अशक्यच' असे हिणवणारा दुसरा पक्षही तितकाच खोटा आहे. दोन्ही पक्ष एकच चूक करतात. झाडाला फळ लागते की नाही, हाच ते एकमेव प्रश्न समजतात.

३/
झाडाला फळ लागणे ही एक घटना आहे. बाग टिकणे हा इतिहास आहे. या दोहोंमध्ये पाच-दहा वर्षांचे अंतर असते आणि त्या वर्षांचा खर्च, श्रम आणि अपयश कोणीतरी सोसलेले असते. ते कोणी सोसले, हा उष्ण प्रदेशातील सफरचंदाच्या इतिहासातला खरा प्रश्न आहे. चमत्काराच्या बातम्या नेमका तोच गाळतात.

४/
सफरचंदाचे मूळ घर मध्य आशियातील तियानशान पर्वतराजी. कझाकस्तानातील अल्माती या शहराच्या नावातच सफरचंद आहे. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह १९२९ मध्ये तेथे गेले आणि रानटी सफरचंदांची वने पाहून हेच या फळाचे माहेर असावे असे त्यांनी मांडले. तेथील हिवाळा कडक असतो. म्हणून या झाडाने एक शहाणपण अंगी बाणवले: थंडी पुरती सरल्याची खात्री पटेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत.

५/
ही खात्री झाड तासांनी मोजते. सुमारे ७ अंश सेल्सिअसखालचे तास साठत जातात आणि ठरावीक बेरीज भरली की सुप्त डोळे फुटायला मोकळे होतात. डोंगराळ भागातील रूढ जातींना साधारण हजार तास किंवा त्याहून अधिक थंडी लागते. ती मिळाली नाही तर झाड मरत नाही. मात्र काही डोळे फुटतात, काही झोपून राहतात. फुलोरा आठवड्यांमागून आठवडे रेंगाळतो, फांद्या उघड्या राहतात आणि फळे तुरळक धरतात.

६/
आता पुसदचा हिशेब. पुसद साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर, पूस नदीच्या काठी वसलेले. एखाद्या ठिकाणी रोज पहाटे चार तास पारा सात अंशांखाली राहतो असे धरले, तरी हजार तास भरायला २५० रात्री लागतील. पुसदला इतक्या थंड पहाटा हिवाळ्यातही विरळच. म्हणजे शिमल्याचे सफरचंद पुसदला लावणे हा प्रयोग नव्हे, ती निव्वळ उधळपट्टी होय. इथवर नकार देणारा पक्ष बरोबर आहे.

७/
परंतु निसर्गात अपवाद असतात आणि माणूस ते शोधून काढतो. बहामा बेटांतील नासाऊ येथे सापडलेली 'डॉर्सेट गोल्डन' ही जात अत्यल्प थंडीत फळते. इस्रायलमध्ये एन शेमेर या किबुत्झवर अब्बा स्टाइन यांनी वर्षानुवर्षे संकर करून 'अ‍ॅना' आणि 'एन शेमेर' या जाती निर्माण केल्या. 'अ‍ॅना'ला रूढ जातींच्या तुलनेत एक चतुर्थांशाच्या आसपास थंडी पुरते. आज उष्ण प्रदेशांत लावल्या जाणाऱ्या सफरचंदांत या दोन जातींचा मोठा वाटा आहे.

८/
येथे किबुत्झ या शब्दावर थांबायला हवे. ती सामुदायिक मालकीची वसाहत होती. जमीन सामायिक, कमाई सामायिक आणि म्हणून तोटाही सामायिक. संकराची शेकडो रोपे वाढवावी लागतात आणि त्यांतील बहुतेक कुचकामी निघतात. तोटा वाटून घेणारा समाज मागे असेल, तर एखाद्या संशोधकाला असे अपयश परवडते. 'अ‍ॅना'च्या रोपाबरोबर ही व्यवस्था मात्र आयात होत नाही.

९/
दुसरे उदाहरण जावाचे. पूर्व जावातील मलंगजवळचा बटू परिसर विषुववृत्तापासून जेमतेम आठ अंश दक्षिणेला. डोंगराळ उंचीमुळे हवा सौम्य, पण हिवाळा असा नाहीच. डच राजवटीत तेथे सफरचंद आले. तेथील शेतकऱ्यांनी जी युक्ती अवलंबली ती जगभरच्या उद्यानविद्येच्या ग्रंथांत पोचली. फळे काढून झाली की काही आठवड्यांत झाडाची सगळी पाने हाताने ओरबाडून टाकायची. झाड गाढ झोपेत जाण्याआधीच त्याला नव्या पालवीसाठी जागे करायचे. या रीतीने तेथे वर्षाला दोन पिकेही घेतली जात.

१०/
ही युक्ती हुशारीची आहे, तशीच ती घामाचीही आहे. प्रत्येक झाडाचे प्रत्येक पान, दर हंगामात, माणसाच्या बोटांनी. स्वस्त मजुरीशिवाय ही शेती उभी राहिली नसती. पुढे हवामान तापत गेले, जमिनीचा कस गेला, रोग वाढले आणि गेल्या काही दशकांत बटूमधील अनेक बागायतदारांनी सफरचंदाची झाडे काढून त्या जागी संत्रावर्गीय फळे लावली. विदर्भातील वाचकाने ही ओळ दोनदा वाचावी. उष्ण प्रदेशातील सफरचंदाचे जे ठिकाण सर्वांत नावाजलेले, तेथील शेतकरी संत्र्याकडे वळत आहेत.

११/
तिसरे उदाहरण जवळचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगळूरच्या परिसरात 'रोम ब्यूटी' जातीची सफरचंदे पिकत. समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून अधिक उंचीचे पठार, लालबागेसारखी वनस्पती-संस्था हाताशी आणि छावणीतील युरोपीय गिऱ्हाईक दारात. तिन्ही गोष्टी जुळल्या तोवर बागा राहिल्या. शहर पसरले, बागांच्या जमिनीला घरांचा भाव आला आणि आज बंगळूरकरांनाही आपल्या गावच्या सफरचंदाची आठवण करून द्यावी लागते. झाड फळले होते, यात शंका नाही. तेवढे पुरले नाही.

१२/
चौथे उदाहरण आज सर्वाधिक चर्चेत असलेले. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्यातील पनियाला गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी परसात टाकलेल्या बियांतून उगवलेले एक रोप जपले आणि त्यातून 'एचआरएमएन-९९' ही कमी थंडीची जात पुढे आली. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने तिच्या चाचण्या घेतल्या, देशभर रोपे दिली. २०२५ मध्ये शर्मा यांना पद्मश्री मिळाली. हा गौरव रास्त आहे. महाराष्ट्रातील बऱ्याच बातम्यांमागे हीच जात आहे.

१३/
पण पनियाला आणि पुसद यांची गल्लत करता येणार नाही. पनियाला उंच हिमशिखरांवर नसले, तरी शिवालिकच्या टेकड्यांत, ३१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथील लोक ज्याला उबदार हिवाळा म्हणतात, तो पुसदकरांना हुडहुडी भरवील. 'कमी थंडीत येणारी जात' आणि 'थंडीच नसलेले गाव' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. जाहिरातीत ती एकच होऊन जातात.

१४/
आणखी एक बारकावा. डोंगरातील रोपवाटिकेतून जानेवारी-फेब्रुवारीत आलेले सुप्त रोप आपला हिवाळा तिकडेच भोगून आलेले असते. पुसदच्या मातीत त्याची पहिली पालवी जोमाने फुटली, तर ती पुसदच्या हवामानाची साक्ष नसते. ती डोंगरातल्या थंडीची पुंजी असू शकते. खरी परीक्षा त्यापुढच्या हिवाळ्यांची. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवीन नाही. साधन कोणत्या काळाबद्दल बोलते, हे आधी ठरवावे लागते. पहिल्या फळाचे छायाचित्र हे त्या एका दिवसाचे साधन आहे.

१५/
कोणी म्हणेल, थंड प्रदेशात तरी सफरचंद आपोआप रुजले होते का? नाही, आणि तेच तर महत्त्वाचे. सॅम्युएल स्टोक्स हा अमेरिकन तरुण १९०४ मध्ये भारतात आला, सिमल्याजवळच्या कोटगढला स्थायिक झाला. १९१६ मध्ये त्याने अमेरिकेतील स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेतून 'रेड डिलिशियस'ची रोपे आणवून लावली. पुढे तो बेगारीविरुद्ध लढला, असहकाराच्या काळात तुरुंगात गेला आणि १९३२ मध्ये हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद झाला.

१६/
स्टोक्स संपन्न घरातला होता. पहिल्या रोपांची जोखीम त्याने स्वतःच्या पैशाने उचलली. कोटगढच्या पहाडी शेतकऱ्यांनी लावले ते त्याच्या बागेत वर्षानुवर्षे सिद्ध झाल्यानंतर. हिमाचलची सफरचंद-संस्कृती या क्रमाने उभी राहिली: आधी ज्याला परवडते त्याचा प्रयोग, मग परिणाम डोळ्यांसमोर, मग गावाची लागवड. आजच्या बातम्यांनी हा क्रम उलटा केला आहे. आधी गावाची लागवड, परिणाम नंतर पाहू.

१७/
हे सगळे बाहेरचे दाखले झाले. महाराष्ट्राला असा अनुभव नाही, असे समजणे हे या चर्चेतील सर्वांत मोठे अज्ञान. थंडीने फुलणारे झाड थंडी नसलेल्या भूमीत कसे फुलवावे, हा प्रश्न मराठी शेतकऱ्याने फार पूर्वी सोडवला आहे. त्या उत्तराचे नाव बहर धरणे. आंबे बहर, मृग बहर, हस्त बहर हे शब्द म्हणजे कॅलेंडरातील नोंदी नव्हेत. एक संपूर्ण शास्त्र त्यांत साठवलेले आहे.

१८/
संत्र्याचे झाड थंड हवेत थंडीच्या ताणाने फुलते. विदर्भात मृग बहर घ्यायचा तर उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण देतात. पाने मलूल होतात, झाडाची वाढ थांबते, आणि मृगाचा पाऊस पडला की फुलोरा येतो. किती दिवस ताण द्यायचा, काळ्या जमिनीत किती आणि हलक्या जमिनीत किती, हे ज्ञान कोणत्याही एका संशोधकाचे नाही. नागपूर-अमरावतीच्या बागांत पिढ्यांनी झाडे वाळवून, गमावून आणि पुन्हा लावून ते मिळवले. जावाच्या पाने ओरबाडण्याशी त्याचे नाते सख्ख्या भावंडाचे आहे.

१९/
दुसरा दाखला द्राक्षाचा. द्राक्षवेल मुळात समशीतोष्ण प्रदेशातली, हिवाळ्यात पाने गाळून झोपणारी. नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागायतदारांनी तिला दुहेरी छाटणीवर वाढवले. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरची फळछाटणी घडांसाठी, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडचा हात. ज्यांना 'समशीतोष्ण फळ महाराष्ट्रात अशक्य' वाटते, त्यांनी तासगावचा बेदाणा आठवावा.

२०/
पण द्राक्षाचे यश एका छायाचित्रातून आले नाही. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघासारखी उत्पादकांची संघटना उभी राहिली. एकाचे अपयश तिच्यामुळे दुसऱ्याचे ज्ञान झाले. 'थॉमसन सीडलेस'मधून 'तास-ए-गणेश'सारखी स्थानिक निवड पुढे आली. क्षारपड जमिनी आणि पाणीटंचाईवर 'डॉगरिज' खुंटाचे उत्तर शोधले गेले. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. एवढा सरंजाम असूनही एका गारपिटीत बाग झोपते. सफरचंदाच्या मागे आज यांतले काय आहे?

२१/
आता पुसदकडे येऊ. हे गाव या वादात योगायोगाने आलेले नाही. पुसदजवळच्या गहुली येथे १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक यांचा जन्म झाला. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो. राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी आणि दापोली (१९७२) ही चारही कृषी विद्यापीठे त्यांच्याच कारकिर्दीतली.

२२/
त्याच काळात संकरित ज्वारी आली. 'सीएसएच-१' हा पहिला संकरित वाण १९६४ चा. तोही त्या काळचा 'चमत्कार' होता. पण त्याच्यामागे अखिल भारतीय चाचण्या होत्या, बियाण्याचा पुरवठा होता, शासनाची खरेदी होती. तरीही तक्रारी उरल्याच. लवकर पिकणारी कणसे पावसात सापडून दाणे काळे पडत, बुटक्या ताटांमुळे कडबा कमी मिळे. म्हणजे पूर्ण तयारीने आलेल्या पिकालाही शेतकऱ्याच्या अंगणात नव्या अडचणी फुटतात. जे पीक तयारीविनाच येते, त्याच्या अडचणी कोण निस्तरणार?

२३/
वऱ्हाडने याआधी उलट अनुभवही घेतला आहे. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतून दहा कापूस-मळेवाले भारतात आणले. अमेरिकन बियाणे भारतीय मातीत रुजवायचे आणि लँकेशायरची भूक भागवायची, हा हेतू. धारवाड भागात काही यश आले, इतरत्र बहुतांशी पदरी निराशा पडली. पुढे १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले, कापसासाठी स्वतंत्र कमिशनर नेमला गेला आणि लांब धाग्याच्या विदेशी बियाण्याचा आग्रह चालूच राहिला.

२४/
त्या काळी पुसद तालुका वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ च्या फेररचनेत तो यवतमाळला जोडला गेला. या काळ्या, कोरडवाहू जमिनीत 'बनी'सारखा तलम देशी कापूस आधीच होता. विदेशी प्रयोग करणारे अमेरिकन मळेवाले पगारी होते. प्रयोग फसला तरी त्यांचा करार फसला नाही. अमेरिकी यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि कापसाचे भाव कोसळले, तेव्हा मात्र कर्ज रयतेच्या नावावर राहिले. प्रयोग एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची, ही वाटणी वऱ्हाडात तेव्हापासूनची आहे.

२५/
यावरून 'विदेशी झाड नकोच' असा निष्कर्ष काढणे मात्र साफ चुकीचे. यवतमाळच्या डोंगरउतारांवर रानोमाळ वाढणारे सीताफळ मुळात उष्णकटिबंधीय अमेरिकेतले; पोर्तुगीज काळात ते भारतात पसरले असे सामान्यतः मानले जाते. अलेक्झांडर कनिंगहॅम यांना भारहुतच्या शिल्पांत सीताफळ दिसले आणि त्यांनी ते भारतीय ठरवले. आल्फोन्स द कांदोल यांनी ते अमान्य केले. वाद काहीही असो, आज ते फळ इतके आपले आहे की त्याच्या नावात सीता आहे.

२६/
सीताफळ का रुजले? ते उन्हाळ्यापूर्वी आपण होऊन पाने गाळते, पावसाच्या तोंडावर फुलते, दिवाळीच्या आसपास पिकते. मुरमाड उतार चालतो, शेळी पाला खात नाही. या भूमीचे ऋतुचक्र आणि त्या झाडाचे ऋतुचक्र एकमेकांत बसले. विंग्रजीत सीताफळालाही एक प्रकारचे 'अ‍ॅपल'च म्हणतात. तेव्हा पुसदच्या डोंगरात उष्ण प्रदेशाचे सफरचंद शेकडो वर्षे उभे आहे. त्याला मथळा मिळाला नाही इतकेच. झाड कुठून आले, हा मुद्दा गौण. इथल्या ऋतूंशी त्याचे जमते का, आणि ते जमवण्याचा खर्च किती, हा मुद्दा मुख्य.

२७/
आता विरोधी पक्षाचा सर्वांत भक्कम युक्तिवाद. कमी थंडीची सफरचंदे उन्हाळ्यात, जूनच्या सुमारास तयार होतात. काश्मीर-हिमाचलचा मुख्य माल त्यानंतर येतो. म्हणजे रिकाम्या बाजारात चढा भाव. युक्तिवाद पोकळ नाही. पण शीतगृहांतील साठा आणि परदेशी सफरचंद यांमुळे आता बाजार तितका रिकामा राहिलेला नाही. शिवाय सफरचंदाला लाल रंग चढायला गार रात्री लागतात. एप्रिल-मेच्या पुसदमध्ये फळ वाढते ते भर उन्हात. गिऱ्हाईक रंग पाहून भाव करते, आणि त्याच महिन्यांत बागेला पाणीही सर्वाधिक लागते.

२८/
दुसरा युक्तिवाद अधिक जिव्हाळ्याचा: शेतकऱ्यांनीच नवे शोधले आहे, विद्यापीठे नेहमी मागे राहिली. हे विदर्भाला पटेलच. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या धानात वेगळ्या लोंब्या हेरल्या आणि त्यातून 'एचएमटी' तांदूळ दिला. २०१८ मध्ये ते गेले. आयुष्यभर त्यांच्या वाट्याला मान आणि मोबदला दोन्ही अपुरेच आले. संस्थांवरचा अविश्वास हवेतून आलेला नाही.

२९/
तरीही खोब्रागडे यांची रीत पाहावी. मूठभर लोंब्या वेगळ्या काढल्या, छोट्या तुकड्यात पेरल्या, काही वर्षे पारखल्या, मग बियाणे इतरांकडे गेले. हरिमन शर्मा यांनीही एका रोपापासून सुरुवात केली. दोघांनीही कर्ज काढून एकदम एकरभर अनोळखी झाड लावले नाही. शेतकऱ्याच्या प्रयोगशीलतेचा खरा वारसा हा आहे. रोपवाटिकेची जाहिरात वाचून बाग उभी करणे याला प्रयोग म्हणता येत नाही. ती खरेदी आहे. प्रयोगात चूक स्वस्त असावी लागते.

३०/
खरेदी असेल तर खरेदीदाराचे हक्कही आले. पिकांचे वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ यातील कलम ३९ सांगते की नोंदणीकृत वाणाचे बियाणे किंवा रोप शेतकऱ्याला विकताना विशिष्ट परिस्थितीत त्यापासून काय अपेक्षित आहे, हे सांगणे पैदासकाराचे कर्तव्य आहे. तशी कामगिरी न झाल्यास शेतकरी प्राधिकरणाकडे भरपाई मागू शकतो. सफरचंदाचे रोप घेताना 'पुसदच्या परिस्थितीत किती?' हे लेखी मागणारे किती जण असतील?

३१/
म्हणून मागणी सरळ आहे. ज्या विद्यापीठांची पायाभरणी पुसदच्या मुख्यमंत्र्याच्या काळात झाली, त्यांनी पुसदच्या हवेत, पुसदच्या काळ्या आणि मुरमाड अशा दोन्ही जमिनींत कमी थंडीच्या जाती लावून पाहाव्यात. किती झाडे, किती पाणी, किती फळ, काय भाव, ही नोंद वर्षागणिक जाहीर करावी. झाडे मेली तर तेही छापावे. मेलेल्या झाडाची नोंद हेही ज्ञान आहे, आणि आज नेमके तेच कोणी छापत नाही.

३२/
तोवर ज्याला हौस आहे त्याने बांधावर चार झाडे जरूर लावावीत. त्यांत 'अ‍ॅना'बरोबर परागासाठी 'डॉर्सेट गोल्डन' असावे, कारण 'अ‍ॅना' एकटी नीट फळत नाही. चार झाडे वाळली तर हळहळ होईल. चार एकर वाळले तर सावकार दारात येईल. यवतमाळ जिल्ह्याला या दोहोंतला फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

३३/
इतिहासाची आवड असलेल्या तरुणांनी अशी बातमी पुढे पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे झाड या गावात किती हिवाळे राहिले? त्याच्या पाचव्या वर्षाचा हिशेब कुठे आहे? आणि तो हिशेब उणे निघाला असता, तर पैसे कोणाचे बुडाले असते? कोटगढ, एन शेमेर, नाशिक या तिन्ही ठिकाणांना या प्रश्नांची उत्तरे आहेत. पुसदच्या सफरचंदाला ती मिळतील तेव्हा 'इतिहास घडला' असे खुशाल लिहावे. त्याआधी तो फक्त एका फांदीचा फोटो आहे.